चंद्रावतीचा अनुस्वार

अपघात मी पाहिला नाही. तो रस्ताही मला ठाऊक नाही. शाळा सुटल्यावर माझी जागा कपाटात असते. मी डिचोलीकडच्या एका शाळेतल्या सातवीचा हजेरीपट बोलतोय. माझ्या पानांवर जे घडले, तेवढेच सांगेन.

गोवा घटक राज्य झाले, त्याच जूनमध्ये मी वर्गात आलो. मुखपृष्ठावर छापलेले ‘दमण व दीव’ मुख्याध्यापक शिवदास सरांनी पट्टी धरून खोडले. भाषेचा वाद तसा खोडता येणारा नव्हता. मराठी वर्गात ‘हजर’ म्हणायचे, हा सुमंगलाबाईंचा दंडक. चौदाव्या क्रमांकाची चंद्रावती मात्र घरच्या कोकणीत ‘आसां’ म्हणे.

“तो अनुस्वार घरी ठेवून येत जा,” बाई म्हणत. वर्ग हसे, तीही हसे.

एका शुक्रवारी बाई हसल्या नाहीत. “‘हजर’ म्हणेपर्यंत तू गैरहजर,” म्हणत त्यांनी ‘गै’ लिहिला. ती म्हणाली नाही, आणि बाई ‘गै’ खोडायला विसरल्या. दिवसभर ती तिसऱ्या बाकावर गणिते सोडवत होती. घरी जाताना खनिजाच्या ट्रकखाली गेली.

शनिवारी दुखवट्याची सुट्टी दिली. पोलिसांनी मला उघडले. पटावर गैरहजर, मग मुलगी दिवसभर होती कुठे? संध्याकाळपर्यंत हा प्रश्न गावभर झाला, आणि तिचा बाप सगुण शाळेत आला.

“बाई, चेडूं शुक्रारा शाळेंत आयिल्लें मू?”

“आली होती. चूक माझी आहे.”

“मागीर तशें बरोवन दियात.”

तसे लिहून द्यायला बाईंनी लाल पेन उघडले. शिवदास सरांनी माझ्यावर हात ठेवला. “आत्ता नको, बाई. कोकणी बोलली म्हणून गैरहजर, असं उद्या वर्तमानपत्रात येईल.”

पेन मिटले. सगुण तसाच निघून गेला.

सोमवारी तिच्या जागेवर मुलींनी अबोलीची गुंफलेली फाती ठेवली होती. बाईंनी सवयीने चौदावा क्रमांक पुकारला.  मग मागून कुणीतरी कोकणीत ओ दिली, आणि बाईंनी मान वर न करता ‘ह’ लिहिला.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही; वर्गात एकतीस मुले होती, ओ त्यांतल्याच कुणाची असेल.

आता वाळवी माझ्या कडा खाते आहे. कुणी मला उघडलेच, तर शुक्रवारचा ‘गै’ एकटा वाचू नये. सोमवारचा ‘ह’ही वाचावा. ‘आसां’ म्हणजे मी आहे. ‘आसा’ म्हणजे ती आहे. त्या सोमवारी अनुस्वार होता की नव्हता, ते मला नीट ऐकू आले नाही.