चाळीस मिनिटांत कॅलेंडर

दातांच्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचे फॉर्म बनवणाऱ्या कंपनीत मी अकरा वर्षं प्रोग्रामर होते. तारखेचं कॅलेंडर, वेळांची यादी, बटणं, सगळं मी स्वतः लिहिलेलं. मग साहेबांनी जाहीर केलं की आता असल्या गोष्टी आपण बनवायच्या नाहीत. जावास्क्रिप्टची एक लायब्ररी आहे, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, त्यातून उचलायच्या. आणि सुरुवात कशी करायची त्याचं एक पान मी लिहायचं, अगदी नवख्यालाही समजेल असं.

लायब्ररीवाल्यांच्या साइटवर ‘पाच मिनिटांत सुरुवात करा’ असं लिहिलं होतं. पाच मिनिटं म्हणे! माझे तीन दिवस गेले. स्टाइलची फाइल जोडायची राहिली तर कॅलेंडरच्या जागी नुसते आकडे एकाखाली एक उभे राहतात. कॅलेंडर ज्या रिकाम्या चौकटीत बसायचं, ती पानावर येण्याआधी कोड चालला तर काहीच दिसत नाही, आणि चुकलं कुठे तेही कळत नाही. डोक्याला हात लावून बसायची वेळ. माझ्या पानात मी हे सगळं एकेक करून समजावलं.

खात्री करायला धाकट्या बहिणीच्या मुलीला बोलावलं. कॉलेज संपवून घरी बसलेली, कोडची एक ओळ कधी न लिहिलेली. तिच्यापुढे पान ठेवलं आणि तोंडाला कुलूप लावून शेजारी बसले. चाळीस मिनिटांत कॅलेंडर उघडलं. एवढंच असतं होय, असं तिने विचारलं. मला कोण आनंद झाला. मूर्ख बाई मी.

कारण दुसऱ्या दिवशी हे सगळं साहेबांना मीच रंगवून सांगितलं. तिला खरंच काही येत नव्हतं का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, ओ की ठो नाही. त्यांनी तिचा नंबर मागितला. पानाबद्दल तिचं मत विचारणार असतील, असं समजून मी तो दिलाही.

महिनाअखेरीस त्यांनी मला केबिनमध्ये बसवून चहा मागवला.

“मॅडम, तुम्ही सगळं इतकं सोपं करून ठेवलंत, की आता तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला इथे कामच उरलं नाही.”

माझ्या खुर्चीवर भाची आली. बहीण फोनवर म्हणाली, तुझ्यामुळेच झालं गं. मी बरं म्हटलं. आणखी काय म्हणणार?

आठ दिवसांनी भाचीचा फोन आला, अगदी रडकुंडीला आलेली. एकाच फॉर्मवर दोन कॅलेंडरं हवी होती, आणि दुसऱ्यात तारीख निवडली की पहिल्यातली पुसली जात होती.

“तुझ्या पानात हे नाहीये गं. साहेब म्हणाले, मावशीला विचार.”

अंगाचा तिळपापड झाला. पण पोरीचा काय दोष? तासभर एकेक ओळ समजावून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, तिचा फोन येण्याआधीच, मी सगळं आवरून लॅपटॉप उघडून बसले होते. त्याची मला लाज वाटली, तरी उठले नाही.