दुधाचा नमुना

आमच्या मुलीचं घरातलं नाव भिंगरी. चार वर्षांची झाली तरी एका जागी स्थिर अशी मी तिला फक्त झोपेतच पाहिली होती. मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करते, नवरा छापखान्यात यंत्रावर असतो, आणि भिंगरीला दिवसभर सांभाळायच्या ताई, माझ्या थोरल्या नणंदबाई. ताईंनी लग्न केलं नव्हतं, त्या आमच्याकडेच राहायच्या. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात त्या वीस वर्षं काज-बटणं करत होत्या. भिंगरी सहा महिन्यांची झाली आणि माझी रजा संपत आली, तेव्हा मी तोंड उघडायच्या आधीच त्या म्हणाल्या की काम सोडते, एवढ्याशा बाळाला परक्या हातात द्यायचं नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला. धड आभारसुद्धा मानले नाहीत.

उलट्या सुरू झाल्या त्या एका पहाटे. चारच्या सुमाराला ती उठून बसली आणि काही कळायच्या आत पांघरूण भरलं. मग दर वीस मिनिटांनी तेच. पोटात काही उरलं नव्हतं तरी उमासे थांबेनात. ओठ पांढरेफटक, हातपाय गार. आठला सगळं थांबलं, ती झोपली, आणि दुपारी उठून पलंगावर उड्या मारायला लागली.

कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, पोट बिघडलं असेल. तीन आठवड्यांनी पुन्हा तीच वेळ, तीच तऱ्हा. मग महिन्याने परत. रक्त तपासलं, लघवी तपासली, सोनोग्राफी झाली. सगळं उत्तम. वजन उत्तम, उंची उत्तम, भूक तर विचारू नका. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, रोजची नोंद ठेवा, त्यातून काही सापडलं तर बघू.

मी वही आणली आणि पट्टीने रकाने आखले. वेळ, काय खाल्लं, किती खाल्लं. वही ताईंच्या हातात दिली. त्या काहीतरी सांगायला लागल्या होत्या, मी चपला घालता घालता म्हटलं, "ताई, बाकीचं राहू द्या, फक्त खाण्याचं लिहा." त्यांनी मान हलवली.

अहवाल स्वच्छ येत गेले तसं माझं मन गढूळ होत गेलं. कुणाची तरी चूक असायलाच हवी होती, आणि घरात दिवसभर एकच माणूस होतं. त्यातच दुकानात एका गिऱ्हाईक बाईंनी त्यांच्या ओळखीतल्या एका दाईची गोष्ट सांगितली. पोरांनी दुपारी गप झोपावं म्हणून ती दुधात औषधाचे थेंब टाकायची म्हणे. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. ताई दुपारी जरा आडव्या होतात, हे मला माहीत होतं. भिंगरी तेव्हा त्यांच्या कुशीत शहाण्यासारखी झोपते याचं मला आधी कौतुक होतं. आता तेच मला खुपायला लागलं. मी घरी आल्यावर पेल्याचा वास घ्यायचे. ताईंच्या कपाटातल्या गोळ्यांवरची नावं वाचायचे. आणि जेवताना त्यांच्याशी हसून बोलायचे.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ताईंनी दिलेलं आणि भिंगरीने अर्धं टाकलेलं दूध मी धुतलेल्या रिकाम्या बाटलीत ओतलं. पेला विसळून जागेवर पालथा घातला. दुसऱ्या दिवशी बाटली पिशवीत घालून नेली. चष्मा करायला येणारा एक माणूस अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होता, त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, फोनवर कळवतो.

फोन आला त्या दिवशी माझा मोबाईल घरीच चार्जिंगला राहिला होता.

संध्याकाळी मी घरात शिरले तेव्हा ताई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. भिंगरी खाली अंगणात होती.

"प्रयोगशाळेतून फोन होता," त्या म्हणाल्या. "दूध चांगलं आहे म्हणाले. औषध-बिषध काही सापडलं नाही."

मी म्हटलं, मला दूधवाल्याचा संशय होता.

"हो, असेल," असं म्हणून त्यांनी भिंगरीच्या फ्रॉकची घडी घातली. "भाजी गार झालीय, गरम करून घे."

चार दिवसांनी त्या भावाला म्हणाल्या की शाळा उघडायच्या आहेत, जुन्या मालकाला माणसं कमी पडतायत, तिथली एक सोबतीण दुकानाजवळच राहते, तिच्याकडे खोली आहे. नवऱ्याने परोपरीने समजावलं. त्या हसून सगळं परतवत राहिल्या. मी मोरीपाशी पाठमोरी उभी राहून धुतलेलीच भांडी पुन्हा धूत होते. एक शब्द बोलले असते तर त्या थांबल्या असत्या का, ते आता सांगता येत नाही. बोलले नाही एवढं खरं.

भिंगरी पाळणाघरात जायला लागली. दूध मी स्वतःच्या हातांनी द्यायचे. आणि अठराव्या दिवशी पहाटे चारला ती उठून बसली. मी तिच्यापुढे बादली धरली, तिच्या कपाळाला हात लावला, आणि तिला बरं वाटावं असं मनात यायच्या आधी माझ्या मनात आलं की मी ताईंना घालवलं. ती उमासे देता देता आत्याला हाक मारत होती. नवरा म्हणाला, ताई असती तर तिला धीर वाटला असता. मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

पुढच्या वेळेनंतर आम्ही लहान मुलांच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्क होत्या. माझी वही त्यांनी चाळली आणि बाजूला ठेवली. मग विचारलं, घरात कुणाचं डोकं दुखतं का? मी म्हटलं, माझं. पंधराव्या वर्षापासून अर्धशिशी आहे. दुखायला लागलं की दिवा मालवून पडून राहावं लागतं.

त्यांनी समजावून सांगितलं की काही धडधाकट मुलांना ही अशी उलट्यांची पाळी येते. पोटातलीच अर्धशिशी म्हणा. मधल्या काळात मूल ठणठणीत असतं. का होतं ते पुरतं कुणाला माहीत नाही. बहुतेक मुलं मोठेपणी यातून सुटतात, काहींना पुढे डोकेदुखी लागते.

"म्हणजे हे माझ्याकडून आलं?"

"आलं असेल. पण तुमची काही चूक नाही यात."

त्यांना काय सांगणार की माझी चूक वेगळ्याच ठिकाणी होती.

मग त्या म्हणाल्या की आदल्या दिवशी काही खूण दिसते का, ते कळलं तर औषध वेळेवर देता येईल. मला एकही खूण माहीत नव्हती. त्यांनी विचारलं, दिवसभर तिच्याजवळ कोण असायचं? त्यांना विचारा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गणवेशांच्या दुकानात गेले. निळ्या कापडाच्या ताग्यांमागे ताई काजांच्या यंत्रावर वाकल्या होत्या. मला पाहून आधी त्यांनी भिंगरी कशी आहे ते विचारलं. मी डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं आणि खुणांचं विचारलं. त्यांना आठवावंही लागलं नाही.

"संध्याकाळपासून डोळे चोळते. जांभया देते, पण झोपायला नाही म्हणते. दिवा लावला की तोंड फिरवते. आणि कान लालबुंद होतात, डावा जास्त. असं झालं की मी समजायचे, पहाटे उलट्या होणार."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगत होते. तू म्हणालीस, फक्त खाण्याचं लिहा."

मला खुर्ची दिली होती तरी मी उभीच होते. मग बसले आणि दुधाचं बोलले. दूधवाल्याचं खोटं सांगितलं, संशय तुमच्यावरच होता, कपाटातल्या गोळ्यासुद्धा बघितल्या, हे सगळं सांगितलं. माफी मागितली. ताईंनी हातातला शर्ट उलटा करून दोरा तोडला.

"दूध तपासलंस ते मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पोर रात्रभर तडफडते, आईला काहीही सुचतं. पण महिनाभर तू माझ्यासमोर बसून जेवलीस, गं. ते मला जमलं नसतं."

शर्टाची घडी बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, भावाला हे माहीत आहे का. मी नाही म्हटलं. त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि सांगणारही नव्हत्या, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. सांग असंही त्या म्हणाल्या नाहीत.

मी त्याच रात्री नवऱ्याला सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. नंतर आठवडाभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

याला आता दोन वर्षं झाली. खुणा बरोबर निघाल्या. कान लाल दिसले की आम्ही लवकर दिवे मालवतो, औषध देतो, आणि बरेचदा पहाट तशीच निघून जाते. कधी नाही जात, मग मी बादली धरते. वर्षात दोनतीनदाच होतं आता.

ताई दर रविवारी येतात. भिंगरी आत्याच्या गळ्यात पडते आणि संध्याकाळी त्या निघाल्या की रुसून बसते. परत राहायला या म्हणून मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी कामाचं निमित्त सांगितलं, तेही अगदी गोडीने. माझ्याशी त्या पूर्वीसारख्याच बोलतात, डोकं कसं आहे ते विचारतात. घराची किल्ली अजून त्यांच्या पर्समध्येच असते. पण दाराशी आल्या की त्या बेल वाजवतात, आणि मी उघडेपर्यंत बाहेर उभ्या राहतात.