सालेम नाखव्याचं शीड

आमचे हे, म्हणजे हमीद, गलबतांची शिडं शिवायचे. तिकडे आखातात, देऱ्यात खाडीच्या काठाला एका शेटचं गोदाम होतं. त्याच्या माळ्यावर ते शिवायचे आणि तिथेच आम्ही राहायचो. राहायचो म्हणजे काय, कोपऱ्यात स्टोव्ह, दोन ट्रंका आणि आडवा पडदा. बाकी सगळी जागा शिडाची. जयगडहून मला आणलं तेव्हा म्हणाले होते, "शंभर माणसं जेवायला बसतील एवढं घर आहे तुझं." बसलीही असती, पण शिडावर पाय ठेवायची कुणाची टाप नव्हती.

आधी वर्षभर काम असायचं. मग एकेका गलबतात इंजिन बसायला लागलं. सदुसष्ट साल उजाडलं तोवर खाडीत नुसता डिझेलचा वास. ज्या नाखव्यांनी यांच्या हातचा चहा पिऊन शिडाचं माप ठरवलं, ते आता लांबूनच हात हलवून पुढे जायचे. हे म्हणायचे, "मोसम बदलला की येतील." मी मनात म्हणायचे, येतील, तुमची वरात काढायला येतील.

एकच काम हातात होतं, सूर बंदरातल्या सालेम नाखव्याचं शीड. कापड त्याने स्वतः आणून टाकलं होतं आणि "शिवून ठेव, ईदनंतर नेतो" म्हणून गेला होता. शीड शिवून झालं, ईद झाली, नाखवा आला नाही. आला तो गोदामाचा शेट. त्याला माळा इंजिनांचे सुटे भाग ठेवायला हवा होता. हसावं की रडावं कळेना.

त्याच आठवड्यात मुनीर आला. श्रीवर्धनचा मुनीर, बांधकामाच्या एका कंपनीत सुपरवायझर. भला माणूस.

"हमीदभाई, माझ्या साईटवर चला. लेबरसाठी टेंट शिवायचेत, शिलाईवाला अर्जंट पाहिजे. क्वार्टरमध्ये फॅमिली रूम देतो. पक्की भिंत, पत्र्याचं छप्पर."

मी कान टवकारले.

"पण कापड अजून पोर्टवर अडकलंय," तो म्हणाला. "तुमच्याकडे हे पडलंय ना? याचेच चार टेंट काढा. नाखव्याला मागाहून नवीन कापड देऊ."

हे उठून उभे राहिले. "दुसऱ्याचं आहे ते. आणि शिवलेलं शीड कापत नाहीत, मुनीर. फाटलं तर ठिगळ लावायचं. कापलं तर त्या गलबतावरच्या माणसांचं काही खरं नाही."

"गलबताला कुठे कळतंय?"

"मला कळतं ना."

मुनीरने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याआडून बाहेर आले, परक्या माणसासमोर कधी आले नव्हते. म्हटलं, "अहो, खोली मिळतेय. पक्क्या भिंतीची." ते म्हणाले, "नाखव्याने जबान दिलीय, कुलसुम. तो येईल आणि शीड नसेल तर मी कोण राहिलो?" मुनीरने थोडे दिवस वाट पाहिली, मग एक पठाण ठेवला. खोलीही त्यालाच गेली.

मला तेव्हा एवढा संताप आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. जयगडला परत जावं तर तिथलं घर दिरांनी वाटून घेतलेलं. आम्हाला आता एक माळाच उरला होता, आणि तोही चालला होता.

शेटने सामान खाली काढायला लावलं त्या दिवशी सालेम नाखवा आला. देवासारखा नव्हे हो, पाहुण्यासारखा आला. हातात मस्कती हलव्याचा डबा, चेहरा खुललेला. आमच्या ट्रंका रस्त्यावर, शीड गुंडाळून भिंतीला टेकवलेलं, आणि हे धावत पुढे गेले.

"तयार है, नाखवा. एक टाका भी कच्चा नहीं."

नाखव्याने यांना छातीशी धरलं. "अरे हबीबी, मशीन बिठाया मैंने! अब हवा का झंझट खलास. शीड तू रख ले." वर यांच्या हातात हलवा दिला. त्याच्या मनात पाप नव्हतं. पाप असतं तर मला त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

हे डबा हातात धरून तसेच उभे राहिले.

संध्याकाळपर्यंत आम्ही रस्त्यावर बसलो. मग हातगाडीवाल्याने ट्रंका आणि शीड गावाबाहेर वाळूवर नेऊन टाकलं. तिथे आमच्यासारखेच बरेच होते, कुणी झावळ्यांखाली, कुणी खोक्यांच्या फळ्यांखाली. मी म्हटलं, "आता तर तुमचंच आहे. कापा." त्यांनी कात्री हातात घेतली, कापडावर ठेवली आणि पुन्हा बाजूला ठेवली. "नाही होत," म्हणाले.

मग मी कापलं. जाड कापड, बोटांना फोड आले, पण मी थांबले नाही. ते पाठ करून बसले होते. प्रत्येक कापाचा आवाज त्यांच्या पाठीवर दिसत होता. मला दया आली, खोटं कशाला सांगू. पण मला छप्पर हवं होतं. बांबू रोवले, कापड ताणलं आणि वेडंवाकडं का होईना, घर उभं केलं.

हे आत आले नाहीत.

दिवसा ते मुनीरच्याच साईटवर सिमेंटची पोती वाहायचे. संध्याकाळी येऊन तंबूच्या तोंडाशी जेवायचे आणि बाहेरच वाळूवर चटई टाकायचे. मी विनवण्या केल्या, भांडले, एकदा जेवण दिलं नाही. "तू नीज आत," एवढंच म्हणायचे. डिसेंबरात दव पडायला लागलं. सकाळी त्यांची गोधडी पिळून वाळत घालावी लागायची. खोकला लागला, मग ताप. शेजारच्या बाया म्हणायच्या, तुझा माणूस वेडा आहे का गं? मी म्हणायचे, हो.

एका सकाळी हाक मारली तर उठले नाहीत. अंग तापाने फणफणत होतं. शेजारच्या चौघांनी उचललं आणि उन्हातून आत आणून निजवलं. माझ्या घरात ते पहिल्यांदा आले ते असे. शुद्ध असती तर तेव्हाही आले नसते.