फॉल्टचा ठराव

१९७४ साली वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात नव्या फ्रेंच यंत्रात जोतीरामच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. ब्रेक लागला नव्हता. इंजिनियरनं इंग्रजीत अहवाल लिहिला आणि अपघाताचं कारण म्हणून एकच शब्द टाकला: फॉल्ट. कशातला, कुणाचा, ते लिहिलं नाही. इंजिनियर कारखान्याच्याच क्वार्टरमध्ये राहत होता.

अहवाल फ्रेंचमध्ये करून यंत्र बनवणाऱ्या पॅरिसच्या कंपनीला धाडायचा होता. विश्रामबागच्या एका कॉलेजात गुणमाला मगदूम सहा मुलांना फ्रेंच शिकवीत. नोकरी हंगामी. कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष आणि कारखान्याचे चेअरमन एकच, लालासाहेब. त्यांनी मोटार पाठवली, बाई आल्या.

संचालकांच्या बैठकीत बाई त्या शब्दावर अडल्या. "फ्रेंचमध्ये याला निराळे शब्द आहेत. यंत्रातला दोष म्हणायचा तर 'देफो'. माणसाची चूक म्हणायची तर 'फोत'. कुठला घालू?"

"दोन्ही घाला की," एक संचालक म्हणाले. "पावण्यास्नी कमी नको पडाय."

लालासाहेब हसले नाहीत. यंत्र पसंत करायला ते सपत्नीक सतरा दिवस पॅरिसला जाऊन आले होते. यंत्रात दोष म्हणजे पसंतीत दोष.

"बाई, कारखाना माझ्या एकट्याचा न्हाई, सभासदांचा हाय. ठराव करू."

ठराव मांडला गेला: सदर शब्दाचा अर्थ 'माणसाची चूक' असा घेण्यात यावा. सूचक लगेच मिळाला. अनुमोदक कोण? सगळे भाऊसोंकडं बघायला लागले. भाऊसोही संचालक, आणि जोतीरामचे सख्खे चुलते.

"आवं, पोरगं घरचं हाय," ते पुटपुटले.

"म्हणून तर! बाहेरच्यानं बोललं तर बरं दिसंल का?" लालासाहेब म्हणाले.

भाऊसोंनी हात वर केला. पाची बोटं शाबूत होती. ठराव सर्वानुमते मंजूर झाला आणि चहा आला.

बाईंनी 'फोत' लिहिलं. महिन्यानं पॅरिसहून उत्तर आलं, तेही त्यांनीच मराठीत केलं: आपल्या निष्कर्षाशी आम्ही सहमत आहोत.

पुढच्या आठवड्यात इस्लामपूरहून एस.टी. धरून जोतीराम कॉलेजात आला. एका हाताला फडकं, दुसऱ्यात कारखान्याचा कागद.

"बाई, मला कामावरनं काडलं. हितं लिवलंय, परदेशी तज्ज्ञांच्या मतानुसार. चुलतं म्हणलं, आपली मानसं तुज्याच बाजूची हुती रं, पर फ्रान्सवाल्यांनी ऐकलं न्हाई. तुमास्नी त्येंची भाषा येती न्हवं? येक पत्र लिवून द्या. म्हणावं, ब्रेक लागत न्हाई म्हणून मी आदी दोन डाव सांगितलं हुतं. वाचलं की घेतील मला परत."

बाईंनी पेन उघडलं. "कुणाला सांगितलं होतंस?"

"लालासाहेबास्नी."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "जोतीराम, फ्रेंचमध्ये असं लिहिता येत नाही."

"व्हय?" जोतीरामनं कागदाची नीट घडी घातली. "मंग लयच गरीब भाषा हाय की, बाई."