आखूड कोश

पंकजानं बाटली खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. तळाशी शिजवून ओतलेल्या खाण्याचा थर वरून साईसारखा गुळगुळीत होता. त्यावर कणीहूनही बारीक अशी पांढरी अंडी पसरली होती. कापसाच्या बोळ्याखाली तिच्या प्रयोगाच्या चिलटाएवढ्या माशा भुरभुरत होत्या. पण अळी एकही नव्हती. एव्हाना अळ्यांनी तो थर खालपर्यंत उकरून त्याची रबडी करायला हवी होती.

मांडीवरची पोर कुरकुरली. एक गुडघा हलवत ठेवून तिनं दुसरी बाटली घेतली. तीही तशीच. तिसरीही.

"अगं, सव्वा महिना तरी होऊ दे," रंगुबाई शेगडी घेऊन आत आली. "बाळंतीन हायेस. खिडकीत बसून वारं खातीस व्हय?"

"आई, मी नगरला दवाखान्यात होते तेव्हा या बाटल्या तू भरल्यास ना?"

"मंग कोन? तूच सांगून गेल्तीस न्हवं? जुन्यातलं नव्यात घाल, मागं खायाला उरत न्हाई त्यास्नी, म्हनून."

पंकजानं उशीखालचं अंतर्देशीय पत्र चाचपलं. परवाच आलं होतं. पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या प्रज्ञानं घाईघाईनं लिहिलं होतं, की तिथल्या सगळ्या बाटल्यांत किडे शिरले, वाण गेला, आता तुझ्याकडचा आहे तेवढाच. परदेशातून पुन्हा मागवायचा तर सहा महिने. आणि पंकजाची फेलोशिप मार्चमध्ये संपत होती. बाळंतपणाला माहेरी येताना पाथर्डीच्या एसटीत तिनं बॅग पायाशी टाकली होती आणि बाटल्यांची करंडी मांडीवर घेतली होती, ती उगाच नव्हे. पत्र आल्यापासून तिला धड जेवण जात नव्हतं.

"जुन्यातलं सगळं घातलंस?"

रंगुबाईच्या तोंडावर जरासा अभिमान आला. "सगळं कशापायी? बी राखायचं म्हनालीस ना? काचेला कोश चिकाटलेले. काही निस्ते ठेंगने, आखूड. काही कसे लांब, सडसडीत. तुझाच ब्रश पान्यात बुडवून लांब तेवढे निवडून घेतले. एक आखूड जाऊ दिला न्हाई."

पंकजानं हातातली बाटली खिडकीत ठेवली. अर्ध्या गावाचं बाजरीचं बी आईच्या हातचं. खळ्यावर ढिगाशी बसून ती भरदार कणसं तेवढी अलगद बाजूला काढायची, राखेत घालून ठेवायची. आणि पेरणीच्या वेळी बायका दारात उभ्या राहायच्या, रंगुबाई, पसाभर द्या. हिच्या हातून दुसरं काय होणार होतं?

"झालं का ध्यान न्हायाला तयार?" दारातून मोठ्यानं आवाज आला. चांगुणाआत्या तेलाची वाटी घेऊन उंबरा ओलांडत होती. पंकजाच्या वडिलांची ही चुलतबहीण. उंच, हाडापेरानं मजबूत. पोर होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि ही पंधरा वर्षांमागं माहेरी आली, ती आलीच. तिनं पोर मांडीवर ओढून घेतली. "लेकरू हाय का चिमनी? अन् आई बघा! चिमनीला पाजायचं सोडून चिलटं पाळतीया."

"वन्सं, जरा गप," रंगुबाई म्हणाली. तिचं लक्ष लेकीच्या तोंडाकडं होतं. "काय झालं गं?"

"उलटं झालं, आई. आखूड कोशातली माशीच वाण चालवते, तिच्या पोटी दोन्ही होतात. लांब कोशातल्या मादीला पिल्लंच होत नाहीत."

"आन चांगल्या धडधाकट दिसत्यात की त्या."

"आहेतच धडधाकट. खातात, उडतात, अंडीही घालतात. पण..." पंकजा अडली. पुण्यात फळ्यापुढं तिला हे एका दमात सांगता येई. "अंडं घालायच्या आधी आई त्यात चिठ्ठ्या भरून ठेवते. कुठं काय घडवायचं त्याच्या. डोक्याकडची चिठ्ठी शेपटाकडंही पडलेली असते. तिथं ती कुणी वाचायची नसते. म्हणून एक प्रथिन त्या चिठ्ठीवर हात ठेवून बसतं, राखणदारासारखं. ते बसलं की मागं पोट तयार होतं. लांब कोशातल्या मादीकडं तो राखणदारच धड नाही. अंड्यात डोकं होतं, छाती होते, पोट होत नाही. अळी बाहेरच पडत नाही. तसल्या राखणदारांचं मोठं कूळ आहे, आई. जंतात सापडलं, यीस्टमध्ये सापडलं. माणसातही असणार म्हणतात. त्यांतला एक समजून घेण्यात माझी दोन वर्षं गेली, आणि आता..."

पोरीच्या पाठीवर फिरणारे चांगुणाआत्याचे हात मंदावले होते.

"आखूड कुठं टाकलेस? उकिरड्यावर?" पंकजानं आईला विचारलं.

रंगुबाई शेगडीतले निखारे उगाच वरखाली करत राहिली. चोरी सापडल्यासारखा तिचा चेहरा झाला.

"टाकले न्हाईत."

"म्हणजे?"

"टाकनारच हुते. नगरावरनं तिसऱ्या दिवशी मी कपडे न्यायला आलते बघ, तवा निवडाय बसले. पोरगी तिकडं काचंच्या पेटीत. पावनेदोन किलो. डॉक्टर म्हनला, काय सांगता येत न्हाई. अन् हितं हे ठेंगने हातात..." तिनं पदरानं नाक पुसलं. "टाकवनाच. लोनच्याच्या बरनीत घातले. तुझं ते खानं उरलं नव्हतं, म्हनून गूळ घालून बाजरीच्या कन्या शिजवल्या. हसचील म्हनून बोलले न्हाई."

ती उठली. चुलीमागच्या उबेतून बरणी घेऊन आली. तोंडाला जुन्या धोतराचं फडकं दोऱ्यानं बांधलेलं होतं.

पंकजानं बरणी उजेडात धरली. आतल्या कण्यांचा नुसता चिखल झाला होता आणि तो चिखल हलत होता. काचेवर गळ्यापर्यंत कोश चढले होते. आखूड, मध्येच एखादा लांब, पुन्हा आखूड, आखूड. तिनं मोजायला सुरुवात केली, तीसच्या पुढं तिची मोजणी चुकली, आणि ती बरणी पोटाशी धरून हसत रडत बसली.

"मेलं, घाबरवलंस की," रंगुबाई म्हणाली. "मंग आता निवडू का आखूड?"

"निवड. तूच निवड."

रंगुबाई ब्रश ओला करून खिडकीशी बसली. पोर तेलानं चकाकत आत्याच्या पायांवर पालथी पडली होती.

"पंके," चांगुणाआत्यानं पोरीवरची नजर न काढता विचारलं, "त्या लांब माशीला ठावं असतं का गं?"

"काय?"

"हेच. चिठ्ठीचं."

"नाही, आत्या. तिला काही कळत नाही. तिच्या खाण्यापिण्यानं, वागण्यानं काही होत नसतं. ती जन्मली तेव्हाच ते ठरलेलं असतं."

"हां." तिनं पोरीचा एक पाय दुमडला, सोडला. "आन तुमी काय करता त्यांचं? काम झाल्यावं?"

पंकजानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. प्रयोगशाळेत खिडकीपाशी स्पिरिटची बाटली असे; मोजून झालेल्या माशा तिच्यात झटकल्या जात, रोजच. तिनं खिडकीतल्या त्या तीन बाटल्यांकडं पाहिलं.

"ठेवतो," ती म्हणाली.

चांगुणाआत्या पोर घेऊन न्हाणीकडं वळली. पोरीला न्हाऊ घातलं, धुरी दिली, गुंडाळून आईच्या कुशीत ठेवली आणि रिकामी वाटी उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी आली. आल्या आल्या "कुठाय माझी चिमनी?" झालं. मग तिनं कनवटीचा गुळाचा खडा काढला आणि खिडकीत, लांब कोशांच्या बाटल्यांपाशी ठेवला.

"कन्या शिजवताना यास्नीपन घाला, वयनी," ती म्हणाली, आणि तेलाच्या वाटीत बोटं बुडवली.