फोल म्हणण्याआधी

मित्रांनो, मी एक जुनं सूप आहे, विश्रांतवाडीतल्या एका खोलीत खिळ्याला टांगलेलं. बुरूड आळीत बांबूच्या पातळ पट्ट्यांतून माझा जन्म झाला. यवतमाळकडून पोटासाठी आलेल्या सोजरबाईंनी मला घरी आणलं. चार घरचं धान्य पाखडून देणं हे त्यांचं काम.

ज्याच्या आत दाणा नाही, नुसतं टरफल आहे, ते फोल. सूप हललं की ते पुढे येतं आणि उडून जातं. माणसांनी हा शब्द आपल्या बोलण्यातही घेतला. आशा फोल ठरते, वचन फोल निघतं, खटपट फोल जाते.

पण सोजरबाईंची एक रीत होती. उडालेलं फोल त्या लगेच टाकत नसत. गोळा करून पुन्हा माझ्यात घेत, पुन्हा पाखडत. बारीक दाणे फोलाबरोबर गेलेले असत, ते मूठभर तरी हाती लागत.

तेव्हा पुण्यात कॉम्प्युटरचं वारं सुटलं होतं. सोजरबाईंची मुलगी हिरा बारावी होऊन एका क्लासला जाऊ लागली. शिकलात की नोकरी नक्की, असं क्लासवाल्यांनी सांगितलं होतं. वर्ष सरत आलं आणि एका सकाळी क्लासला कुलूप.

शेजारच्या मालनबाईंनी विचारलं, "काय गं हिरा, आता कुलपाला शिकवतात का तिथं?"

हिरा हसली नाही. घरात येऊन म्हणाली, आता नोकरी शोधायला मी बाहेर पडणार नाही. "आई, वर्ष फोल गेलं. मीच फोल आहे."

सोजरबाईंचे हात थांबले. मी त्यांच्या मांडीवर तसंच.

"फोल निघाला तो त्यांचा शब्द. तुले काय येते, ते सांग."

हिरा म्हणाली, मराठी टायपिंग येतं, बोटांकडे न बघता.

"मंग हे दाणे आहेत, पोरी. फेकतेस कायले?"

दुसऱ्या दिवशी हिरा खडकीला गेली. पहिल्या झेरॉक्सच्या दुकानात नाही म्हणाले. पुढच्या दुकानात तिला लोकांचे अर्ज टाइप करायला बसवलं. ती तिथं टिकली.

आता धान्य निवडून, पिशवीत भरून येतं. माझ्या कडा झिजल्या आहेत आणि मला फारसं कोणी खाली काढत नाही. त्याचं वाईट वाटतं. तरी मागणं माझ्यासाठी नाही. मित्रांनो, एखादं आश्वासन फोल असेल तर खुशाल तसं म्हणा. माणसाला मात्र तो शब्द लावू नका. आणि कोणी स्वतःलाच लावून घेत असेल, तर हातातलं काम ठेवून त्याच्याजवळ बसा.