टोपलीतली मुलगी

एकोणीसशे अडुसष्ट साल होतं. त्या वर्षी लाँड्रीचा जुना बॉयलर काढून नवा बसवला, स्टेशनसमोरच्या हॉटेलनं आपल्या सगळ्या चादरी तिथंच धुवायला टाकायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी घरातल्या सुनेची अक्कलदाढ दुखायला लागली. बॉयलरचं आणि चादरींचं पुढं कुणाला काही वाटेनासं झालं. अक्कलदाढ मात्र त्या घराला जन्मभर पुरली.

लाँड्री खाली आणि घर वर. माणसं चारच. आई, आईची मुलगी, मुलगा आणि सून. मुलीला सगळे धाकटी म्हणत. चाळिशीला टेकली होती, केसांत चांदी आली होती, गल्लीतली मुलं तिला मावशी म्हणायची, तरी घरात ती धाकटीच. कारण एक थोरली होती. थोरली दोन वर्षांची असताना छातीच्या तापानं गेली, तेव्हा धाकटी पाळण्यात होती. ज्या बहिणीचा चेहराही आठवत नाही, तिच्या पाठीमागं जन्मभर उभं राहायचं, असं तिच्या नशिबी आलं होतं. भाऊ नंतरचा. त्याला असलं काही लागलं नाही. मुलगा म्हणून तो पहिलाच होता ना!

सुनेला नवी म्हणत. लग्नाला चांगली चार-पाच वर्षं झाली होती, पण नाव पडलं ते पडलं.

आईचं थोरलीवेड धाकटीच्या डोळ्यांदेखत वाढलं होतं. घडी बिघडली की आई म्हणायची, "थोरली असती तर..." आणि पुढचं वाक्य सोडून द्यायची. ते सुटलेलं वाक्य धाकटीच्या अंगावर येऊन पडायचं. म्हणून आईनं थोरलीचा विषय काढला, की ती उठून सरळ कपडे पिळायच्या यंत्रापाशी, पिळणीपाशी जायची. तिथल्या खडखडाटात काही ऐकू यायचं नाही. मग आईनं तिला सांगणंच सोडलं. नवी आली, तिला ऐकायची हौस होती. चादरीचं एक टोक सासूच्या हातात, एक नवीच्या. दोघी जवळ येत, लांब जात, घड्या घालत, आणि आईच्या तोंडून थोरली पाझरत राही. धाकटी लांबून बघायची. काय बोलतात ते ऐकू यायचं नाही, पण आईचा चेहरा दिसायचा. तो चेहरा आईनं तिच्यासाठी कधी केला नव्हता.

तरी एक गोष्ट धाकटीपाशी होती. ती तिनं कुणाला म्हणजे कुणाला सांगितली नव्हती. लहानपणी एकदा ती वेताच्या मोठ्या टोपलीत, इस्त्रीखालून आलेल्या गरम चादरींत लपली होती. वरचं झाकण पडलं. आत ऊब, साबणाचा वास, आणि फ्रॉकच्या कॉलरमधला दोरा मानेला टोचत होता. बाहेर आई हाका मारत फिरत होती. शेवटी झाकण उघडलं, ती "दोरा टोचतोय" म्हणाली, तशी आईनं तिला चादरीसकट उचलून छातीशी धरलं आणि रडली. आई! जिच्या डोळ्यांत कांदा चिरतानासुद्धा पाणी यायचं नाही, ती. एवढीच आठवण. पण वाईट दिवस गेला, की धाकटी रात्री उशीवर डोकं टेकून ती बाहेर काढायची, आणि झोप लागायची.

तर अक्कलदाढ. नवी सुईला घाबरायची. नाक्यावरचे दाताचे डॉक्टर कुठूनसं संमोहन शिकून आले होते. घाबरट पेशंटला ते हळू आवाजात बोलून गुंगीत न्यायचे, आणि मग दात काढायचे. नवीला त्यांनी खुर्चीत झोपवलं आणि म्हणाले, "लहानपणी जिथं सुरक्षित वाटायचं, तिथं जा." नवी गेली. आणि बाळबोबड्या आवाजात एक सूर गुणगुणायला लागली. बाहेर बाकावर बसलेली आई ताडकन उठून आत आली. तो सूर ती थोरलीला झोपवताना म्हणायची.

दाढ निघाली. पण घरी आली ती सून नव्हतीच, थोरली होती.

"डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी," आई जेवताना म्हणाली. "माणूस मागं जातं, ते पार मागच्या जन्मापर्यंत जातं."

"तो सूर तू रोज इस्त्री करताना म्हणतेस," धाकटी म्हणाली. "हॉटेलचा हमालसुद्धा म्हणतो. तो कोण, आपले आजोबा?"

भाऊ ठसका लागेपर्यंत हसला. "थांब थांब. म्हणजे मी माझ्या बहिणीशी लग्न केलं? बरं झालं बाबा नाहीत. उलटं टांगलं असतं मला."

"तुम्हाला सगळ्याची थट्टा," नवी म्हणाली. गाल अजून सुजलेला होता, तरी चेहऱ्यावर काहीतरी तेज आलं होतं. "मला खरंच दिसलं वन्सं. मी लहान होते आणि कुणीतरी माझे लाड करत होतं."

"लाड," धाकटी म्हणाली आणि ताट उचलून उठली.

त्या दिवसानंतर नवी सासूबाई म्हणायची थांबली. आई म्हणायला लागली. खिडकीपाशी आईच्या शेजारची उशी घातलेली खुर्ची होती, त्यावर बसायला लागली. आईनं कापसात गुंडाळून ठेवलेला थोरलीचा छोटा कंगवा काढून तिला दिला. एवढंही धाकटीनं गिळलं असतं. पण मग आईनं खुणांची सुई दिली.

लाँड्रीत येणाऱ्या प्रत्येक घराच्या कपड्यांना कॉलरच्या आत, शिवणीलगत, रंगीत दोऱ्याचे टाके घालत. या घराचा हिरवा, त्या घराचा तांबडा, कुणाचे टाके आडवे, कुणाचे तिरपे. ती खूण चुकली तर वकिलाचा शर्ट कसायाच्या घरी जायचा. हे काम पहिल्यापासून आईचं. मालकिणीचं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ती सुई आता कुणाकडं जाणार, हे धाकटी मनात धरून होती. तिला आईनं कधी हात लावू दिला नव्हता. "तुझा हात जड आहे. तू आपली पिळणीवर बरी."

त्या सकाळी ती ओली चादर खांद्यावर घेऊन आली तर नवी खिडकीच्या उजेडात सुई ओवत होती, आणि आई तिच्या मनगटाला धरून दाखवत होती.

"माझा हात जड," धाकटी म्हणाली, "आणि हिचा?"

"थोरलीची बोटं अशीच होती," आई म्हणाली. "निमुळती."

"दोन वर्षांच्या पोरीची बोटं निमुळती होती?"

"धाकटे, तुला मत्सर होतो," आई म्हणाली. रागानं नाही, इस्त्री तापली म्हणावं तसं. "मेलेल्या पोरीचा मत्सर. शोभतं का तुला?"

"मेलेलीचा करायची सवय झाली होती मला. आता ती जिवंत होऊन माझ्या भावाच्या ताटात जेवायला लागली."

नवी रडायला लागली. आईनं तिला जवळ घेतलं. ओल्या चादरीचं पाणी धाकटीच्या पाठीवरून खाली ठिबकत होतं.

डॉक्टरांनाही आता उत्साह आला होता. पुढच्या रविवारी दवाखाना बंद असताना त्यांनी पुन्हा बोलावलं, दाढेशिवाय. धाकटी म्हणाली, "मीही येते." भावानं तिच्याकडं बघितलं. "ताई, तिथं भांडू नकोस. डॉक्टरांकडे पक्कड असते."

दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास होता. नवी खुर्चीत आडवी, आई स्टुलावर, धाकटी बेसिनला टेकून उभी. डॉक्टरांनी पडदा ओढला आणि संथ, एका पट्टीत बोलायला लागले. नवीचे हात सैल पडले. धाकटी टक लावून बघत होती. ही नाटक करत असेल तर पापणी हलेल, ओठ हलेल. हललं नाही काही.

"कुठं आहेस?" डॉक्टरांनी विचारलं.

"आत," नवी म्हणाली. आवाज लहान मुलीचा. "गरम आहे. चादरी आहेत."

आईनं तोंडावर हात ठेवला.

"कशाच्या आत?"

"टोपलीच्या. झाकण पडलं. आई मला शोधतेय... साबणाचा वास येतोय... मानेला टोचतंय."

"काय टोचतंय?"

"दोरा. निळा दोरा."

आई स्टुलावरून उठली, खुर्चीच्या पायाशी बसली आणि नवीचे पाय धरून रडायला लागली. "मी शोधत होते गं, थोरले. सगळीकडं शोधत होते."

धाकटीचा हात आपोआप मानेवर गेला. तिला वाटलं, कुणीतरी तिच्या कपाटाचं कुलूप फोडून एकच एक दागिना काढला, आणि आता तो चारचौघांत घालून मिरवतंय. ओरडावंसं वाटलं. डॉक्टरांनी बोट ओठावर ठेवलं. मग तिच्या लक्षात आलं, की चोरी नवीनं केलेली नाही. नवीला टोपली कुणी सांगितली असणार? घड्या घालता घालता?

डॉक्टरांनी नवीला जागं केलं. आई तिला पाणी पाजत होती. धाकटी डॉक्टरांना हळूच म्हणाली, "ऐकलेली गोष्ट माणूस असं स्वतःची म्हणून सांगेल?"

"सांगेल," डॉक्टर म्हणाले. उत्साह थोडा उतरला होता. "आणि त्याला खोटं बोलतोय असं वाटणारही नाही. मागचा जन्म की मागचा महिना, हे मला बाहेरून नाही हो सांगता येत."

संध्याकाळी लाँड्री बंद होती. बॉयलर थंड. आई खाली एकटीच खिडकीपाशी बसली होती. धाकटी समोर जाऊन उभी राहिली.

"आई, लाँड्री आपण कधी घेतली?"

"आता हे काय मध्येच?"

"सांग ना."

"तू चालायला लागलीस त्या वर्षी. त्याआधी हे वखारीत कामाला होते, माहीत आहे तुला."

"आणि थोरली कधी गेली?"

आईनं तोंड खिडकीकडं फिरवलं.

"वखारीत चादरींची टोपली होती? लाकडाच्या ओंडक्यांना तू कॉलरमध्ये टाके घालत होतीस?" धाकटीचा आवाज चढला. "निळा दोरा घरच्या पोरांचा. माझ्या फ्रॉकला होता, भाऊच्या सदऱ्याला होता. थोरलीच्या अंगावर कधी निळा दोरा नव्हता आई. टोपलीत मी होते. माझ्यासाठी रडली होतीस तू. ते माझं आहे. ते तू तिला देऊन टाकलंस!"

आईनं स्वतःच्या हातांकडं बघितलं. मग म्हणाली, "तो सूर?"

"तो भाऊला झोपवायचा. मला आठवतंय. मीच पाळणा हलवायची."

"मग थोरलीनं सरबताचा पेला सांडला तो? बदकाच्या मागं पळाली ती?"

"मला माहीत नाही. सांगितलंस कुठं मला? पण बदकाच्या मागं मीही पळाले असेन."

आईनं मान वर केली. तिच्या त्या दुधी झालेल्या डोळ्यांत धाकटीला राग अपेक्षित होता. राग नव्हता.

"मग थोरलीचं माझ्यापाशी काय राहिलं गं?" आई म्हणाली. "मला तिचा खोकला आठवतो. तेवढाच. खोकला कुणाला सांगू?"

धाकटी आयुष्यभर ज्या बाईशी भांडली, ती पहिल्यांदा हरलेली दिसत होती, आणि जिंकल्याचा आनंद काही केल्या वर येईना. तरी तिनं शब्द मागं घेतला नाही. तसा तिचा स्वभावच नव्हता. "पेला, बदक काय ते थोरलीला ठेव," ती म्हणाली. "टोपली माझी."

दुसऱ्या दिवशी हॉटेलचा हमाल चादरी न्यायला आला, तेव्हा आई टोपलीवर हात ठेवून त्याला म्हणाली, "आमची धाकटी एकदा यात लपून बसली होती. शोधून शोधून माझा जीव गेला होता." हमालाला त्यात काय कळणार? तो बरं म्हणाला. पण पिळणी त्या क्षणी थांबली होती, आणि धाकटीनं प्रत्येक शब्द ऐकला.

सुई मात्र नवीकडंच राहिली. तिचा हात खरोखरच हलका होता, हे धाकटीलाही कबूल करावं लागलं, मनातल्या मनात.

डॉक्टरांनी पुढं संमोहन सोडलं. म्हणाले, दात उपटणं सोपं. काही वर्षांनी ते मुलाकडं दुसऱ्या गावी गेले. भाऊनं लाँड्रीला जोडून कपडे रंगवायचं दुकान काढलं, आणि म्हातारपणापर्यंत पाहुण्यांना सांगत राहिला, की आपण चुकून बहिणीशी लग्न केलं होतं, पण ताईनं पुराव्यानिशी सोडवलं.

आई त्यानंतर सात वर्षं जगली. थोरलीच्या गोष्टी तिनं सांगितल्या नाहीत. शेवटच्या आजारात एका दुपारी तिनं डोळे मिटूनच हाक मारली, "थोरले." धाकटी एका बाजूला बसली होती, नवी दुसऱ्या. दोघींच्याही तोंडून "ओ" आला. आई समाधानानं निजली ती उठली नाही. पण नवीचा ओ आधी आला, हे धाकटी कधीही विसरली नाही, आणि नवीला विसरूही दिलं नाही.

धाकटी बरीच म्हातारी होऊन गेली. तिचे कपडे आवरताना नवीला दिसलं, की प्रत्येक कॉलरमध्ये निळ्या दोऱ्याचे टाके आहेत, वेडेवाकडे, जड हाताचे. नवीनं ते तसेच राहू दिले.

नवी आता त्या खिडकीपाशी बसते. तिला विचारलं तर ती सांगते की वन्संचं सगळं खरं होतं, लाँड्री नंतरची, फ्रॉक त्यांचा, गोष्ट त्यांचीच. मग मानेवरून हात फिरवते आणि म्हणते, "पण तो दोरा मला अजून टोचतो."